प्रत माहितीस्तव रवाना

ज्या मनुष्याने आपल्या आयुष्याची अडतीस वर्षे महसूल खात्यात लोकांचे अर्ज घेण्यात, त्यांवर आवक क्रमांक घालण्यात आणि अर्जदारास "साहेब दौऱ्यावर आहेत" असे अदबीने सांगून परत लावण्यात खर्ची घातली, त्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर दर गुरुवारी संध्याकाळी सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून, हात जोडून स्वतःच अर्जदार व्हावे, यात ईश्वरी न्यायाचा काही अंश असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. फरक इतकाच की, पलीकडचे साहेब कधीही दौऱ्यावर नसतात. आणि एखादी गोष्ट मागितल्यावर ती मागायला नको होती असे आपल्या ध्यानात आले, तरी अर्ज मागे घेण्याची सोय त्या कचेरीत नाही.

माझा जन्म नांदेडचा आणि निजामी अमदानीतला. वडील निजामाच्या रेल्वेत तिकीटबाबू होते. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कंदिलाच्या उजेडात सातआठ माणसांची बैठक जमे, शास्त्राचा एखादा अध्याय वाचला जाई, नारायण वामन टिळकांची भजने होत आणि मग प्रार्थना. ज्या पेटीवर ही भजने होत तिच्या दोन पट्ट्या कायमच्या मुक्या होत्या, त्यामुळे आम्हां मुलांच्या कानांना ती दोन स्वरांविनाच गोड लागत. पुढे पुष्कळ वर्षांनी एका धडधाकट पेटीवर तीच चाल ऐकली, तेव्हा वाजवणारा चुकतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. वाऱ्याची दिशा अनुकूल असली की सचखंड गुरुद्वाऱ्यातील कीर्तनाचे सूरही खिडकीतून आत येत, आणि वडील पेटीचा भाता क्षणभर थांबवून म्हणत, "तेही त्याचंच चाललंय." शेजारच्या क्वार्टरमधून याच सुमारास भांड्यांचा जो आवाज येई, त्याविषयी मात्र त्यांचे मत एवढे उदार नव्हते.

शाळेत अलिफ-बे गिरवून आलेल्या मला घरच्या मराठी शास्त्राची भाषा मुळीच परकी वाटली नाही, याचे श्रेय भाषांतरकारांनी मुक्तहस्ताने वापरलेल्या दफ्तरी शब्दांना आहे. ग्रंथाचे नावच मुळी करार, एक जुना आणि एक नवा, बेथलेहेमात घ्यायची ती नावनिशी, पिलात हा सुभेदार, मत्तय जकातदार. आता सुभेदार म्हणजे औरंगाबादेस राहणारा बडा अंमलदार, हे नांदेडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, आणि जकातीचा नाका म्हणजे करोडगिरीचा नाका, यात तर शंकाच नव्हती. त्यामुळे ख्रिस्ताच्या चरित्रातील सर्व घटना आमच्या स्टेशनापासून औरंगाबादेपर्यंतच्या टापूतच घडल्या असाव्यात, असे मी वयाच्या नवव्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो. मत्तयाने नाक्यावरून उठून प्रभूच्या मागे चालू लागावे, हा भाग एकदा बैठकीत वाचला गेला, तेव्हा कधीमधी येऊन बसणारे करोडगिरीतले एक वयस्कर जमादार बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "गेला ते ठीकच केलं, पण चार्ज कोणाला दिला?" या प्रश्नाचे उत्तर चारही शुभवर्तमानांत नाही.

घरात एका बाबतीत मात्र मतभेद होता. वडिलांकडे बायबल सोसायटीचे छापील शास्त्र होते आणि आईकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मुळावरून अख्खे शास्त्र मराठीत आणले, ते काम उरकून १९२२ साली डोळे मिटले, आणि केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी ते छापून काढले. हे सारे आईला तोंडपाठ होते आणि त्याचा उपयोग ती शस्त्रासारखा करी. एखाद्या वचनाच्या अर्थावरून वडिलांनी आवाज चढवला की ती शांतपणे म्हणे, "बाईंनी मुळावरून केलंय." यावर तिकीटबाबूंजवळ उत्तर नसे. आमच्या बैठकीत पाठभेदाचे शास्त्र या मार्गाने शिरले, आणि बहुतेक निर्णय आईच्या बाजूने लागले.

हैदराबाद संस्थान गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात. मी अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो आणि मुलाच्या घरी लातूरला राहायला आलो. येथील बैठक नांदेडच्या मानाने फारच संमिश्र. एक हेडमास्तर मेथॉडिस्ट. एक कंपाउंडरसाहेब उत्तर भारतीय मंडळीचे, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन जी एक मंडळी स्थापली, तिचे. मेथॉडिस्ट त्या वेळी ऐन मुहूर्तावर बाहेर राहिले, ही गोष्ट कंपाउंडरसाहेब अजून विसरलेले नाहीत. हेडमास्तरांनी दुसरा कप चहा नाकारला तरी त्यांना नागपूर आठवते. शिवाय एक कॅथलिक मावशी आहेत. त्यांच्या शास्त्रात त्र्याहत्तर ग्रंथ, आमच्यात सहासष्ट. त्यामुळे पानाचा क्रमांक सांगून अध्याय काढण्याचा प्रयत्न दर वेळी फसतो, आणि मावशी आपला जाडजूड ग्रंथ मांडीवर तोलीत, "तुमच्यात कमी आहे हो," असे इतक्या सहानुभूतीने म्हणतात की गरिबीची लाज वाटावी. याखेरीज मिरजेच्या वानलेस रुग्णालयात शिकून आलेल्या नर्सबाई, रोजगार हमीच्या कामांवर आयुष्य घालवलेले एक मुकादम, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आणि शास्त्रातील निम्मा भाग ऐकून पाठ असलेल्या आजी. एकमेकांना आम्ही जुन्या रिवाजाप्रमाणे सलाम करतो आणि मग भांडायला बसतो.

भांडायला म्हणजे उघड नव्हे. येथे प्रार्थनेच्या स्वरूपाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. एकांतातली प्रार्थना हा अर्जदार आणि साहेब यांच्यातील खाजगी मामला असतो. परंतु सातआठ जणांत मोठ्याने केलेल्या प्रार्थनेत मूळ अर्ज जरी वर जात असला, तरी तिची प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सतरंजीवरील सर्व संबंधितांकडे रवाना होत असते. एका गुरुवारी नर्सबाईंनी डोळे घट्ट मिटून आरंभ केला, "हे दयाळू पित्या, गेल्या खेपेला बैठकीची सतरंजी कोणाच्या घरी गेली आणि अद्याप का परत आली नाही, हे तुला ठाऊकच आहे, त्या घरावर तुझी कृपा असो." त्यांचा आमेन हवेत विरतो न विरतो तोच कंपाउंडरसाहेबांचा घसा साफ झाला. "हे सर्वज्ञ प्रभो, सतरंजी धुवायला काढली होती आणि आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी येतं, हेही तुला ठाऊक आहे." सर्वज्ञतेचा हा उपयोग धर्मपंडितांना कितपत मान्य होईल हे मी सांगू शकत नाही, पण प्रत्यक्ष बोलण्याने जिथे दोन घरे कायमची तुटली असती, तिथे परमेश्वराच्या मार्फत पत्रव्यवहार झाल्यामुळे दोन्ही पक्ष चहाला थांबले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोळे मिटलेले असताना कसे पाहिले, हे कृपया विचारू नये.

चहाबरोबर आमच्याकडे सुशीला असते. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो की, चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा, मिरची आणि दाण्याच्या कुटाबरोबर परतले की जो पदार्थ होतो त्याचे हे नाव आहे. नगरकडून नव्याने आलेले एक तरुण पाळकसाहेब प्रथमच बैठकीला आले, त्या दिवशी कोणीही हा खुलासा त्यांना केला नाही. अभ्यास रंगात आला असता घरच्या सूनबाईंनी दारातून हळूच सांगितले, "सुशीला तयार आहे." पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. बाप्तिस्म्यासाठी कोणी भगिनी सिद्ध झाली आहे, अशा समजुतीने त्यांनी ग्रंथ मिटला आणि गंभीरपणे विचारले, "तिनं पूर्ण विचार केला आहे ना? घरच्यांचा दबाव नाही ना?" सूनबाई गोंधळून म्हणाल्या, "नाही, पण लवकर घ्या, गार झाली की चिवट होते." त्यानंतरचे पाच मिनिटांचे कामकाज इतिवृत्तात नोंदवलेले नाही. पाळकसाहेबांनी दोन बशा खाल्ल्या आणि पुढे आमच्यात चांगलेच रुळले.

पण ज्या गुरुवारी द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांत निघाला, तो गुरुवार मला निराळ्या कारणासाठी आठवतो. मालकाने पहाटे मजूर लावले, पुन्हा दिवसातून तीनदा लावले, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता नाक्यावर उभे असलेले आणखी काही लावले. आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी दिली, तीही शेवटून आरंभ करून. मुकादमांना हे ऐकवेना. "मी काय म्हणायलो," ते हात वर करून म्हणाले, "मोजमाप कुठंय? रोजगार हमीत खणलेल्या मातीच्या मापावर दाम मिळतो. पाच वाजता आलेल्याला पुरा रोज दिला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे येणार कोण? असलं मस्टर मी वर पाठवलं असतं तर सस्पेंड झालो असतो!" हेडमास्तरांनी ही कृपेची मजुरी आहे, हक्काची नव्हे, असे समजावून पाहिले, कंपाउंडरसाहेबांनी पहाटेच्या मजुरांची बाजू घेतली, मुख्यतः हेडमास्तर विरुद्ध बाजूला होते म्हणून. मीही अनुभवी माणूस, लेखा आक्षेप निघाला असता, असे मत दिले. वाद अशा रीतीने शासकीय पातळीवर स्थिरावत असता कोपऱ्यातून आजी म्हणाल्या,

"पाच वाजता लागलेला मानूस दिवसभर काय घरी झोपला व्हता व्हय? नाक्यावर हुबा व्हता की."

कोणी काही बोलले नाही, तेव्हा त्यांनीच पुढे सांगितले. "बाहत्तरच्या दुकाळात मी तीन रोज हुबी राहिले. मस्टर भरलंय, उद्या या, म्हनायचे. चौथ्या रोजी खडी फोडायला घेतलं. खडी फोडून हात दुखतेत, बाबा. पन कुनी न बोलावता हुबं राहिलं तर समदं अंग दुखतं. त्याची मजुरी त्या मळेवाल्यानं दिली, तर तुमचं काय बिघडलं?"

मुकादम सतरंजीचे दोरे मोजू लागले. बाहत्तर साली मी तालुक्याच्या कचेरीत दुष्काळी कामांच्या टेबलावर होतो. मस्टरात नाव, वय, गाव, हजेरी, दाम आणि अंगठा इतके रकाने असत. उभे राहण्याचा रकाना नव्हता, आणि "मस्टर भरले, उद्या या" हे वाक्य मी स्वतः किती तोंडांना ऐकवले असेल, याचा हिशेब मांडण्यास त्या संध्याकाळी मला धीर झाला नाही. माझी प्रार्थनेची पाळी आली तेव्हा मी फक्त आमेन म्हटले. माझी प्रार्थना सहसा पंधरा मिनिटे चालत असल्याने मंडळींना माझ्या प्रकृतीची काळजी वाटली, आणि नर्सबाईंनी नाडी पाहिली.

२०१६ साली दुष्काळ आला तो सर्वांनाच नाक्यावर उभे करणारा. मांजरा धरण कोरडे पडले, आणि पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्यांपाशी पाचांहून अधिक माणसे जमण्यास कलम १४४ अन्वये मनाई झाली. दोघे किंवा तिघे आपल्या नावाने जमतील तेथे आपण असू, असे जे प्रभूने सांगून ठेवले आहे, ते जमावबंदीच्या मर्यादेत तंतोतंत बसते, हे मी त्या आठवड्यात सप्रमाण सिद्ध केले. तथापि आम्ही आठ होतो. आमची बैठक टाकीपासून बरीच दूर भरत असल्याने कोणी हरकत घेतली नाही. दर गुरुवारी पावसासाठी प्रार्थना होई, आणि आकाश दर शुक्रवारी अधिकच स्वच्छ दिसे.

आणि १२ एप्रिल रोजी पाणी आले, पण ते आगगाडीने. मिरजेहून दहा टाक्यांची गाडी, पाच लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालत लातूरच्या स्टेशनात शिरली. एके काळी याच वाटेने बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी येत असे. उतारूने खाली उतरून शेतातली बोरे वेचावीत आणि पुन्हा तिला गाठावे, अशी तिची ख्याती होती, आणि तिला नावे ठेवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, ते शब्द मी त्या दिवशी मनातल्या मनात मागे घेतले. नर्सबाईंच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही. मिरजेने आपल्याला विद्या दिली आणि आता लातूरला पाणी दिले, असे त्या इतक्या अभिमानाने सांगू लागल्या की जणू वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हाच ही योजना मनाशी धरली होती.

त्या गुरुवारी उपकारस्मरणाची प्रार्थना व्हावी असा ठराव आला आणि लगेच हरकत निघाली. मुकादमांचे म्हणणे असे की, मागणी पावसाची होती आणि पुरवठा रेल्वेने झाला. बाब बदलली की नव्याने मंजुरी लागते. कंपाउंडरसाहेब म्हणाले, गाडी सरकारने पाठवली, तिचे आभार सरकारला. तेव्हा अडतीस वर्षांचा माझा अनुभव पहिल्यांदाच ईश्वराच्या कामी आला. मी त्यांस समजावून सांगितले की, वरिष्ठ कचेरीत आलेला अर्ज पुष्कळदा योग्य त्या कार्यवाहीस्तव दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो. येथे तो रेल्वे खात्याकडे वर्ग झाला, इतकेच. पोच मात्र मूळ कचेरीलाच द्यावी लागते. हे सर्वांना पटले. मावशींनी क्रुसाची खूण केली, हेडमास्तर उभे राहिले, आम्ही डोळे मिटले, आणि त्यांनी नोहाच्या जलप्रलयापासून आरंभ केला.

ते लाल समुद्रापर्यंत पोहोचले असतील नसतील, तोच गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. प्रथम सूनबाईंच्या बांगड्या वाजल्या, मग घागर वाजली, मग सतरंजी एका बाजूने हलकी झाली. मी एक डोळा उघडला, तेव्हा मुकादम दोन बादल्या घेऊन उंबऱ्यावर होते आणि आजी त्यांच्याही पुढे. मी कळशी उचलली. रांगेत उभे राहून मागे वळून पाहतो तो हेडमास्तर, अजून डोळे मिटलेलेच, शोमरोनी स्त्रीच्या विहिरीपाशी येऊन पोहोचले होते. आजींनी रांगेतून ओरडून सांगितले, "मास्तर, तुमचा लंबर धरलाय, या!" आणि मास्तर आले.

बैठकीचे इतिवृत्त मीच लिहितो. त्या तारखेची नोंद अशी आहे : उपकारस्मरणाची प्रार्थना, अपूर्ण. कारण, टँकर. आमेन येणे बाकी.