मोहीमप्रमुख

पेणमध्ये गणपतीचे कारखाने जितके, जवळजवळ तितकेच मोहीमप्रमुख. कारखाना लांबूनही ओळखू येतो. मोहीमप्रमुख ओळखायचे ते जानेवारीत. बाजारात वालाच्या शेंगा आल्या आणि पहाटे अंगात स्वेटर आला की यांच्या अंगात शिवकाळ येतो. "यंदा दक्षिण रायगड. आठवडाभर. रोज एक गड, रात्री मुक्काम, सकाळी पुढं," अशी घोषणा होते आणि ग्रुपवर भगव्या झेंड्याच्या चित्राखाली यादी पडते: सांकशी, सुरगड, अवचितगड, घोसाळगड, बिरवाडी, तळगड.

यादी वाचून ठाण्याचा भाचा हरखतो. पेणकर हरखत नाही. सांकशी पेण तालुक्यातच आहे, पुढचे चार रोहा तालुक्यात, आणि तळा त्याच्या शेजारी. यातल्या कुठल्याही गडावर सकाळी निघून, चढून-उतरून, संध्याकाळी घरी गरम पाण्यानं आंघोळ करता येते. मग मुक्काम कशाला, हे विचारायचं नसतं. मुक्कामाशिवाय ती मोहीम नव्हे, नुसतं जाऊन येणं. आणि प्रमुखांचा मुक्काम लॉजवर होत नाही. नागोठण्याला मावसभाऊ, रोह्याला आत्या, चणेऱ्याला मेहुणीचं सासर, तळ्याला व्याही. यादीकडं जरा निरखून पाहिलं की कळतं, गड नात्यांच्या सोयीनं निवडलेले आहेत. आत्याच्या हातचं वालाचं बिरडं नामांकित, म्हणून अवचितगडाला दोन दिवस. पालीचा सरसगड एवढा देखणा, पण तो यादीत कधीच नसतो. पालीत आपलं कोणी नाही. बल्लाळेश्वराला गाडीतून हात जोडून प्रमुख पुढं सरकतात.

निघण्याची वेळ पहाटे पाच. पाच म्हणजे पाच. साडेपाचला मंडळी गाडीपाशी थंडीत उभी असतात आणि प्रमुख घरात, पोह्याचे पापड कोणाकडं किती द्यायचे याच्या पिशव्या करत असतात. हे पापड म्हणजे मोहिमेचा नजराणा. पेणहून जाऊन पापड नेले नाहीत तर परतीच्या वाटेवर चहासुद्धा मिळणार नाही, हे राजकारण त्यांना पक्कं कळतं. मग वडखळ नाका. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 साली पळस्पे-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं. पुढं ते इतकं रेंगाळलं की प्रमुखांना या रस्त्याचा इतिहास गडांच्या इतिहासापेक्षा चांगला येतो. कुठला खड्डा कोणत्या गणपतीच्या आधी बुजवला होता, हे ते सनावळीसकट सांगतात.

गडांच्या इतिहासाचं मात्र थोडं वेगळं आहे. प्रत्येक गडावर पाण्याचं टाकं असतं, आणि प्रमुखांच्या मते प्रत्येक टाकं हे भुयार असतं. सुरगडचं भुयार रायगडावर निघतं. अवचितगडचंही रायगडावरच. घोसाळगडचं जंजिऱ्यात निघतं, कारण तो त्या बाजूला आहे. "मग जंजिऱ्याला जाताना खाडी कशी ओलांडायचे, मामा?" असं भाच्यानं विचारलं की प्रमुख त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघतात आणि पाण्याची बाटली मागतात. भाच्याचीच.

खरा इतिहास पायाखाली असतो, तो बिचारा सांगायचा राहून जातो. 1665च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले मिर्झाराजांच्या हवाली केले आणि 12 स्वतःकडं राखले. त्या राखलेल्यांत तळा आणि घोसाळा होते. जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवायची तर हे गड हातचे सोडून चालणार नव्हतं. अवचितगडावर शके 1718चा शिलालेख आहे, म्हणजे 1796चा, उतरत्या पेशवाईतला. प्रमुख त्यावरून हात फिरवतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "महाराजांच्या वेळचा." सव्वाशे वर्षांचा फरक त्यांच्या श्रद्धेच्या आड येत नाही.

एका विषयात मात्र ते तडजोड करत नाहीत. गडावरचा शेंदूर फासलेला मारुती असो की देवळीतला गणपती, पेणचा माणूस आधी हात जोडत नाही. आधी आखणी बघतो. "डोळा चुकलाय. डावा वर गेलाय." तीनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला असा शेरा मारून झाला की मग नमस्कार.

अवचितगडाला मेढ्याकडून चढताना गर्द रान लागतं. प्रमुखांच्या पायात नवे बूट, हातात काठी, पाठीवर सॅक, सॅकेत चिवडा. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली कातकरी बाई अनवाणी उतरत येते. थांबते, या सगळ्या सरंजामाकडं बघते आणि विचारते, "वर काय ठेवलंय?" या प्रश्नाचं उत्तर प्रमुखांना अजून सुचलेलं नाही.

कोलाडचं राफ्टिंग यादीत दरवर्षी 'जमल्यास' या सदरात असतं. ते जमत नाही. कुंडलिकेत वीजप्रकल्पाचं पाणी सुटतं सकाळी आणि प्रमुखांची गाडी पोचते दुपारी, जेवून.

पण प्रमुख खरे कोण आहेत, हे पाहायचं तर पोपटीच्या संध्याकाळी. चणेऱ्याच्या शेतात अंधार पडायला लागला की हा माणूस बदलतो. दिवसभर वाट चुकणारे, बाटली मागणारे मामा एकदम कमी बोलायला लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला किती, ते स्वतः घालणार. वर शेंगा, ओवा, जाडं मीठ. मध्ये केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. अंडी आणि बटाटे कडेनं. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला ठासून मडकं उपडं, भोवती पातेरा, पेंढा, काटक्या. जाळ कुठून लावायचा ते वारा बघून ठरतं, ग्रुपवर मत मागवून नाही. मध्येच कोणी काठीनं मडकं हलवायला गेला तर त्याला असा आवाज ऐकू येतो की गडावर तो आवाज असता तर कोणी वाट चुकलं नसतं. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं जातं, चर्र होतं, आणि प्रमुख नुसती मान हलवतात. पहिल्या शेंगा यजमानांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, मग पोरांना. स्वतः सगळ्यांत शेवटी, खरपूस तळाच्या. इथं त्यांचं कधीही काही चुकत नाही. सहा गड चढून मला जो नेता दिसला नाही, तो त्या मडक्यापाशी उकिडवा बसलेला असतो.

शेवटच्या दिवशी हिशेब. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख हे रोह्याचे, हे सांगूनच प्रमुख वही उघडतात. त्या नावाच्या धाकानं डिझेलच्या वाटणीवर कोणी शंका काढत नाही. पापडाचे पैसेही त्यातच धरलेले असतात.

यंदाची यादी आली असेल तर जरूर जा. फक्त गाडीत पुढच्या सीटवर बसू नका. पुढं बसणाऱ्याला आत्याला फोन करून सांगावं लागतं की आम्ही सात नाही, अकरा जण येतोय.