बैठकीचा प्रश्न

वल्हवण्याच्या यंत्राची जाहिरात करणारे एक गोष्ट अगदी खरी सांगतात. या यंत्रावर अंगातले जवळजवळ सगळे मोठे स्नायू कामाला लागतात. आधी पायांनी रेटायचं, मग कमरेतून मागे झुकायचं, मग हॅण्डल बरगड्यांपर्यंत ओढायचं, आणि हेच सगळं उलट्या क्रमाने सोडत पुन्हा पुढे सरकायचं. पोटऱ्या, मांड्या, पाठ, खांदे, दंड, कोणालाच रजा नाही. रजा असते ती शरीराच्या एकाच भागाला. त्याने फक्त बसायचं असतं. आणि अर्ध्या तासाच्या आत पहिला राजीनामा येतो तो त्याचाच.

मांड्या भरून आल्या तर माणूस समजून घेतो, त्यांनी काम केलेलं असतं. दम लागला तर त्यात थोडी प्रतिष्ठाही असते, चारचौघांत धापा टाकता येतात. पण ज्याच्यावर कसलीच जबाबदारी सोपवलेली नाही त्याने कुरकुर सुरू करावी, आणि तीही अशी की धडधाकट मांड्यांना, ताज्यातवान्या खांद्यांना मुकाट्याने काम थांबवावं लागावं, हे काही पटत नाही.

त्यातून या दुखण्याला वाचा नाही. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये सकाळी जमणारी मंडळी बहुतेक पन्नाशीच्या पुढची. गुडघ्यात किती वंगण उरलंय, उपाशीपोटीची साखर किती, इतकंच काय, पोट कधी आणि कसं साफ झालं, यावर तिथे मोकळेपणाने परिसंवाद चालतात. या विषयावर मात्र चिडीचूप. तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी एकदा माझ्यानंतर यंत्रावर बसले, उतरले, इकडेतिकडे पाहत जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अहो, तुम्हालाही... म्हणजे... बसून बसून?”

“हो.”

“नेमकं कुठे?”

“तिथेच.”

एवढ्या संवादावर आमची मैत्री झाली. ती अजून टिकून आहे.

खरं तर प्रकार साधा आहे. बसल्यावर आपलं बरंचसं वजन पेलतात ती कटीराच्या खालच्या अंगाची दोन हाडं, किंवा त्या हाडांचे दोन उंचवटे. देवाने त्यांच्यावर गादी म्हणून शरीरातला एक दांडगा स्नायू ठेवलाय अशी आपली समजूत असते. उभं असताना ती खरीही असते. पण बसण्यासाठी मांडी दुमडली, की तो स्नायू वर सरकतो आणि उंचवटे उघडे पडतात. हाड आणि फळी यांच्यामध्ये उरते कातडी, थोडी चरबी आणि द्रवाची एक चिमुकली पिशवी. म्हणजे गादी ऐन वेळेला कलटी मारते. कठीण बाकावर तासन् तास बसून ही पिशवी सुजते. इंग्लंडात हे दुखणं विणकरांच्या नावावर जमा होतं. मागावर बसणाऱ्याचं कापड लोकांनी वाखाणलं आणि त्याचं बसणं डॉक्टरांनी तेवढं टिपून ठेवलं.

खुर्चीतही आपण तासन् तास बसतो, मग तिथे का नाही होत, असं कोणी विचारील. खुर्चीत आपण नकळत सारखे हलत असतो. या बाजूवरून त्या बाजूवर, पायावर पाय, मग नुसतंच ‘चहा झाला का’ म्हणून उठणं. यंत्रावर ही सोय नाही. हात हॅण्डलला गुंतलेले, पाय पट्ट्यांनी बांधलेले. आणि तरी सगळं स्थिर असतं असंही नाही. पुढे जाताना कटीर पुढे कलतं, ओढ संपताना मागे. कातडी घामाने सीटला चिकटून राहते आणि आतलं हाड तिच्यावर डोलत राहतं. मिनिटाला वीस ओढी धरल्या तरी तासाला बाराशे डोलणी झाली. मांडीमागचे जाड स्नायूही नेमके त्याच उंचवट्यांपासून निघतात, त्यामुळे तेही आतून खेचतात. शेजारून जाणारी सायटिकेची नस दबली तर पाऊल बधिर होतं आणि उतरल्यावर माणूस आपलाच पाय शोधत उभा राहतो. थकून पोक काढलं तर भार मागे सरकतो आणि तोवर गप्प असलेलं माकडहाडही सभेत उठून बोलू लागतं.

गंमत अशी, की ज्यांना हा खेळ शोभतो त्यांच्या शर्यतीत हे प्रकरण उद्भवायला वेळच नसतो. ऑलिम्पिकची शर्यत दोन हजार मीटरची. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, वडिलांबरोबर विहिरी खणणारा, पाण्याची वाट पाहणाऱ्या गावातला मुलगा, सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात धरलं आणि २०१६ साली रिओला एकट्याच्या नावेत जगात तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. त्याची उंची, त्याचे खांदे, त्याची जिद्द यांवर मी भरभरून वाचलंय. रिओतल्या त्याच्या शर्यती सात मिनिटांच्या आगेमागे संपल्या. सात मिनिटांत बुडाला तक्रार नोंदवायलाही सवड मिळत नाही. सरावाचे तास त्यालाही चुकले नसणार, पण त्याविषयी बातमीदार काही छापत नाहीत. भोगायचं ते आमच्यासारख्या हौशांनी. आम्हाला वेग जमत नाही, म्हणून आम्ही अंतराच्या मागे लागतो. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१,०९७ मीटर. पाचशे मीटरला अडीच मिनिटं या संसारी चालीने हे अंतर कापायला पावणेदोन तास लागतात. तेवढ्या वेळात पुण्याहून लोणावळा येतं आणि तिथे उतरून चिक्की तरी घेता येते.

घरातल्या घरात वल्हवण्याच्या शर्यतीही होतात. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला, तेव्हा तयारी करून रिकामे राहिलेले काही वल्हेकरी बॉस्टनकडे हिवाळ्यात यंत्रांवर झुंजू लागले. स्वतःच्या मंडळाला त्यांनी ‘माजी’ झालेल्यांचं मंडळ अशा अर्थाचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी व्हरमाँटच्या ड्रायसिगॅकर बंधूंनी सायकलचं चाक वापरून केलेलं यंत्र बाजारात आलं आणि या खेळाचं घराघरात फावलं. बॉस्टनच्या त्या स्पर्धेत विजेत्याला बक्षीस म्हणून हातोडा देतात. उशी देण्याची सूचना कोणी कशी केली नाही, याचं नवल वाटतं.

उशीचं म्हणाल, तर माझा अभ्यास झालेला आहे. पहिली पायरी टॉवेलची. चौघडी करून बसावं, की थोड्याच ओढींत तो मागे सरकून चाकात अडकायला बघतो. योगाच्या चटईचा तुकडा सरकत नाही, पण त्याखाली जो घाम साचतो त्यात खरोखरीची होडी चालेल. मऊ गुबगुबीत गादीचं पहिलं दर्शन फार मोहक. पण ती जितकी मऊ तितकी हाडं तिच्यात बुडत जातात आणि थेट तळाला टेकतात. शिवाय उंची वाढते, पाय पडतात खाली, आणि ओढीचा सगळा हिशेब बदलतो. सायकलवाल्यांची आत पॅड शिवलेली चड्डी मिळते. ती सायकलच्या निमुळत्या सीटसाठी बेतलेली, त्यामुळे तिची शिवण नेमकी हाडाखाली येते. वर ती नेसून लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंना ‘सुप्रभात’ म्हणावं लागतं ते वेगळंच.

पार्सलभोवती गुंडाळून येणारा तो हवेच्या फुग्यांचा प्लास्टिकचा कागद असतो ना, तो दुमडून सीटवर ठेवावा, असं एका जाणत्याने सुचवलं होतं. उपाय वाईट नाही, भार बऱ्यापैकी वाटला जातो. फक्त पहिल्या दहा ओढींत काही फुगे फुटतात. भल्या पहाटे, शांत जिममध्ये, कोपऱ्यातून एकामागून एक असे आवाज येऊ लागले आणि ट्रेडमिलवरच्या तिघांनी अतिशय सभ्यपणे माना दुसरीकडे वळवल्या. खुलासा करायची सोय नव्हती.

शेवटी आईने आपल्या जुन्या नऊवारीच्या घड्या घालून एक आसन शिवून दिलं. देताना म्हणाली, “नाव नाही, पाणी नाही, पैलतीर नाही, आणि वर बसायलाही त्रास. आम्ही पंगतीला पाटावर दोन-दोन तास बसायचो, कोणाची तक्रार ऐकली नाही.”

“अगं, पण समोर श्रीखंड असायचं.”

“मग तूही समोर ठेव काहीतरी,” म्हणाली.

आसन चांगलं निघालं. बेताचं जाड, घाम पिणारं, चारही टोकांना नाड्या. उशीवाचून अडणारा मी काही पहिला नव्हे, हे मात्र मला पुढे वाचनात सापडलं, आणि तेही इतिहासाच्या चांगल्या वजनदार पानांवर. इसवी सनापूर्वी ४२९ च्या हिवाळ्यात स्पार्टाच्या बाजूच्या आरमाराने अथेन्सच्या बंदरावर अचानक झडप घालायचा बेत केला. नावा दुसऱ्या किनाऱ्याला होत्या. म्हणून कोरिंथहून वल्हेकऱ्यांनी जमिनीवरून चालत तिकडे जायचं ठरलं. प्रत्येकाने काय काय बरोबर घ्यायचं, ते ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने नोंदवून ठेवलंय: आपलं वल्हं, ते बांधायचा पट्टा आणि आपली उशी. कडवेपणाबद्दल जगभर नाव झालेल्या स्पार्टाच्या बाजूचे लोक रात्रीच्या मोहिमेवर निघालेत आणि प्रत्येकाच्या काखेत उशी. डिसेंबरात ‘सवाई’ संगीत महोत्सवाच्या मंडपाकडे भारतीय बैठकीची तिकिटं काढून निघालेले पुणेकर मला हुबेहूब असेच दिसतात, वल्ह्याऐवजी फक्त पाठीचा टेकू आणि डबा असतो. मोहीम फसली. ऐन वेळेला त्यांनी कच खाल्ली आणि मुख्य बंदर सोडून जवळच्या सालामिस बेटावर लुटालूट करून ते परतले. दोष उशांचा नव्हता.

त्याहून माझा जीव जडलाय तो अॅरिस्टोफेनिसवर. त्याच्या ‘नाइट्स’ या इसवी सनापूर्वी ४२४ च्या विनोदी नाटकात एक सॉसेज विकणारा आहे. त्याला म्हाताऱ्या जनताजनार्दनाची मर्जी संपादायची आहे. म्हातारा सभेच्या टेकडीवर उघड्या खडकावर बसतो, आणि त्याचा लाडका पुढारी त्याची फिकीर करीत नाही. हा गडी स्वतः शिवलेली उशी घेऊन येतो आणि म्हाताऱ्याला उठवून तीवर बसवतो. इराणी आरमाराला हरवणाऱ्या सालामिसच्या लढाईत वल्ह्यांच्या बाकावर जे राबलं, ते आता खडकावर घासू नये म्हणून. सालामिस तेव्हा छप्पन्न वर्षांपूर्वीचं झालं होतं. त्या विजयासाठी सेनापतींची नावं घेतली जात, देवांची घेतली जात. बाकावर घासत राहून ती लढाई ज्याने खरोखर जिंकली त्याची आठवण एका विनोदी नाटककाराने काढली. आपल्याकडे निवडणुकीच्या हंगामात बरंच काही वाटलं जातं, पण मतदाराच्या बैठकीचा इतका मूलभूत विचार माझ्या तरी पाहण्यात नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले वल्हेकरी पक्क्या फळीला चरबी फासून, बुडाला चामडं लावलेल्या विजारी घालून तिच्यावरून मागेपुढे घसरत असत, म्हणजे पायांचा जोर लावता येई. मग सीटच सरकू लागली आणि १८७३ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही नावांत सरकती सीटं होती. घासणं बुडाखालून सीटखाली गेलं, ही मोठीच प्रगती. हाडांचं काय, तो मुद्दा पुढच्या पिढ्यांकडे आला.

इतकं सगळं करून मला जो उपाय लागू पडला तो शोभेचा नाही. ताठ, दोन्ही हाडांवर सारखं बसायचं, अंतर हळूहळू वाढवायचं, आणि दर वीस मिनिटांनी, दुखायला लागायच्या आधीच, उठून मिनिटभर उभं राहायचं. रक्त पुन्हा वाहू लागतं, वर सरकलेला तो स्नायूही जागेवर येतो. अडचण एवढीच, की समोरच्या पडद्यावर सरासरी वेग दाखवत असतात, आणि उभं राहिलं की तो डोळ्यांदेखत घसरत जातो. बसलेल्या भागाला आराम मिळतो तेव्हा अहंकाराला गळू होतं. दोन्ही एकदम बरं ठेवणारी उशी अजून निघालेली नाही.

दुसरी अडचण जागेची. उठलं, की सीट गेली. म्हणून मी सीटवर रुमाल टाकायला लागलो. बँकवाले आले, त्यांनी रुमाल पाहिला आणि एक अक्षर न बोलता सायकलकडे वळले. सारा जन्म एसटीने हिंडलेला माणूस. आठव्या मजल्यावर नवीन राहायला आलेला आयटीतला मुलगा मात्र आला, त्याने रुमाल उचलला, व्यवस्थित घडी घातली, “काका, तुमचा पडला होता,” म्हणून माझ्या हातात दिला आणि आईच्या आसनावर बसून वल्हवू लागला. छान ताल होता त्याचा.

“काय मस्त सीट आहे हो काका,” तो म्हणाला. “उगाच घाबरवतात लोक.”

पडद्यावर तिसरं मिनिट चाललं होतं.