सुट्टीतज्ज्ञ

आषाढाची झड लागली की कोल्हापुरातल्या कुठल्याही हायस्कुलात, नववीच्या मागच्या बाकावर, एक जलतज्ज्ञ उगवतो. एरवी 'वही घरी राहिली' यापलीकडे तो फारसं बोलत नाही. पण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं पस्तिशी ओलांडली की त्याला कंठ फुटतो.

"३७ फूट ४ इंच. चढाय लागलंय," प्रार्थनेच्या रांगेत तो पुटपुटतो. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे त्याला सतराच्या पाढ्यापेक्षा पक्कं ठाऊक. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे सात आणि एक उघडला की १४२८ क्युसेक, हा हिशोब तर तोंडी. "तीन उघडल्यात भावा. उद्या विषय हार्ड!"

भूगोलाच्या बाईंनी याला पंचगंगेच्या उपनद्या विचारल्या. गडी आढ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, कुंभीचं उतरलंय, पण कासारी काय ऐकत नाही." याला गुण द्यायचे की छडी, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

रात्री वर्गाच्या ग्रुपवर तो जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशाची पीडीएफ टाकतो. अभिनंदनाचा पाऊस पडतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी विचारते, "तारीख गेल्या वर्षीची कशी?" पीडीएफ गायब. "नवीन याय लागलीय, दम काढा."

आणि खरीच सुट्टी मिळाली की शाळेला कधी न उठणारा हा पठ्ठ्या सहाला जामदार क्लबपाशी पाणी बघायला हजर! मात्र वर्गात चिखलीचा एक मुलगा आहे. त्याच्यासमोर फूट-इंच निघत नाहीत. २०१९ आणि २०२१ला त्या पोराच्या घरात पाणी शिरलं होतं. त्याला हा एवढंच विचारतो, "म्हशी हलवल्या काय रं?"

पुढं ढकललेली घटक चाचणी पाणी उतरल्यावर येतेच. पेपरावर नाव आणि हजेरी क्रमांक सुवाच्य अक्षरात. बाकी नजर खिडकीबाहेर.

"मान खाली!" सर ओरडतात.

"सर, गगनबावड्याकडं काळं झालंय."

सर खिडकीपाशी येतात, बाहेर बघतात. मग याच्या बाकाशी वाकून, आवाज खाली आणून, "पातळी किती झाली रे?"