उपचार, लिलाव पद्धतीने

मन मोकळं करायचं तर आधी अंग हलवा, असं आता सगळे सांगतात. पुण्याच्या कोरेगाव पार्कात ओशोंचा आश्रम हे १९७४ पासून शिकवतोय. सक्रिय ध्यानात दहा मिनिटं जोरजोरात श्वास, दहा मिनिटं रडारड-आरडाओरडा, दहा मिनिटं 'हू हू' करत उड्या. मग स्तब्धता, शेवटी नाच.

आमच्या देवळा गावात हा उपचार कांद्याच्या लिलावात होतो, तोही फुकट. (ट्रॅक्टरचं भाडं वेगळं.) भाव पुकारताच श्वास वाढतो, मग ओरडा आपोआप येतो. हिशोबपट्टी हातात पडली की स्तब्धता! नाचाचा टप्पा तेवढा राहतो. तो ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने निर्यातबंदी घालून रद्द केला होता.