आडनाव : चौथ्या महिन्याचा पहिला दिवस

निशी-कासाई, टोकियो

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि कुलवृत्तांताचा चौपानी फॉर्म, दोन्ही पोचलं. ‘परदेशस्थ असल्यास तेथील आडनावे कशी असतात’ हा रकाना छापील नाही, तुम्ही बॉलपेनने मागाहून घुसडलेला दिसतोय. त्याचं उत्तर रकान्यात मावायचं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या समोरच्या दारावरच्या पाटीवर चार चित्राक्षरं आहेत. सरळ वाचली तर ‘चौथा महिना, पहिला दिवस’. हे आडनाव आहे, आणि त्याचा उच्चार ‘वातानुकी’. त्या चार अक्षरांत ‘वाता’ नाही आणि ‘नुकी’ तर औषधालाही नाही. परवा कुरियरवाला नवा पोरगा आला होता. हातात खोकं, नजर पाटीवर, ओठ हलताहेत पण आवाज फुटत नाही. इथे माणसाला चुकीच्या नावानं हाक मारणं फार वाईट दिसतं. शेवटी बिचाऱ्यानं नाव गाळून नुसतंच ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हटलं. आतून बाईंचा शांत आवाज आला, ‘वातानुकी देसु’. बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत; जन्मभर दारात येणाऱ्या प्रत्येकाची अशी सुटका करत आल्या असणार.

आता व्युत्पत्ती, म्हणजे तुम्ही चष्मा लावाल. पूर्वी इकडे थंडीत कापूस भरलेले कपडे घालत. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला शिवण उसवून तो कापूस काढायचा आणि तेच कपडे नुसत्या अस्तरावर वापरायचे. वाता म्हणजे कापूस, नुकी म्हणजे काढणं. तारीख लिहायची आणि त्या तारखेचं काम वाचायचं! आई म्हणेल, एप्रिलच्या पहिल्या तारखेला टोकियोत कापूस काढला तर पडसं होईल. होईलच. पण ती तारीख जुन्या चांद्र पंचांगातली, आजच्या मेच्या आसपास येणारी. जपाननं ते पंचांग बाजूला ठेवून १ जानेवारी १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर धरलं. महिने सरकले, बाईंचं आडनाव मात्र जागचं हललं नाही.

अशी आणखीही आहेत. ‘आठव्या महिन्याचा पहिला दिवस’ लिहून ‘होझुमी’ वाचतात, कारण त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या खुडायच्या. आपल्या कोकणात नवान्नाला दारावर लोंब्या बांधतात, त्याच्याच जवळचं. ‘छोटी पाखरं खेळतात’ असं लिहायचं आणि वाचायचं ‘ताकानाशी’, म्हणजे ससाणा नाही. ससाणा नाही म्हणून पाखरं खेळताहेत. ‘चंद्र बघायचं गाव’ लिहून ‘यामानाशी’ वाचायचं, म्हणजे डोंगर नाही. डोंगर आड येत नाही, म्हणून चंद्र दिसतो. ज्या कुणी हे पहिल्यांदा केलं, त्याला भरपूर रिकामा वेळ असणार आणि तो त्यानं कारणी लावला, असं माझं मत आहे.

तुम्ही विचारलंत की ही आडनावं पेशवाईच्या आधीची का. काही घराण्यांची फार जुनी आहेत. पण सर्वसामान्य माणसाला आडनाव उघडपणे लावायची मुभा मिळाली ती १८७० मध्ये. मुभा देऊनही लोक फिरकेनात. नाव नोंदवलं की पाठोपाठ कर येणार, अशी धास्ती होती म्हणे. शेवटी १८७५ मध्ये सरकारनं सक्ती केली, कारण सैन्यभरतीच्या याद्या करायच्या तर माणसं नुसत्या नावांवर ओळखायची कशी?

तारीखवाले वातानुकी अगदी मोजक्या घरांत आहेत. ‘कापूस’ हे अक्षर घालून सरळ लिहिणारे वातानुकी बरेच. त्यांतले तामिसुके वातानुकी २००० ते २००३ इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती होते. तारखेचं रूप लोकांना ठाऊक झालं ते ‘क्लॅम्प’ या चित्रकार बायकांच्या कंपूमुळे. २००३ पासून त्यांची ‘होलिक’ नावाची चित्रकथा गाजली, तिचा नायक तारीखवाला वातानुकी. त्यामुळे शाळकरी पोरं बाईंची पाटी धडाधड वाचतात आणि टायवाले साहेब घसा खाकरतात.

इथे बऱ्याच ठिकाणी सहीऐवजी शिक्का चालतो. शंभर येनच्या दुकानात आडनावांच्या शिक्क्यांचा गोल फिरता स्टँड असतो. सातो, सुझुकी, ताकाहाशी, तानाका, लागेल तो उचला. बाई त्या स्टँडकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांचा शिक्का कोरून घ्यावा लागतो. फॉर्मवर नावाच्या डोक्यावर उच्चार लिहायची बारीक चौकट असते. पण कोसेकी, म्हणजे घराण्याचं सरकारी दप्तर, ज्यात जन्म-लग्न-मृत्यू सगळं टिपून ठेवतात, त्यात नावाचा उच्चार नोंदवायची कायदेशीर सोय झाली मे २०२५ मध्ये! तोवर सरकारला बाईंचं नाव लिहिता येत होतं, हाक मारायची पंचाईत होती.

आपल्याला तर ते कातकाना, म्हणजे परकी नावं लिहायच्या लिपीच्या, अक्षरांत बसवतात. ह्यांचं ‘लेले’ दोन अक्षरांत आटोपतं, पण जपानीत ‘ल’ नाही म्हणून त्याचं ‘रेरे’ होतं. बँकेत पुकारा झाला की कुणीतरी हळहळतंय असं वाटतं. माझं ‘अष्टपुत्रे’ चौकटींतून बाहेर सांडतं. आपल्याकडचे एक पुराणिक २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, ते ‘योगी’ एवढंच नाव लावून. शहाणपणाचंच केलं. इथे मतदाराला उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहावं लागतं. अष्टपुत्रे उभे राहिले तर डिपॉझिट जप्त.

बाईंनी एकदा मला आडनावाचा अर्थ विचारला. ‘आठ मुलगे’ म्हटल्यावर त्या हरखल्या आणि वडिलांना किती, म्हणाल्या. तीन मुली, मी सांगितलं. बाबा, त्या तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की चहा सांडला. मग गंभीर झाल्या. त्यांनाही दोन मुलीच. एक लग्न करून सातो झाली, दुसरी सुझुकी. इथल्या दिवाणी कायद्याच्या ७५०व्या कलमानुसार नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, आणि जवळजवळ पंच्याण्णव टक्के जोडप्यांत बदलते ती बायको. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ आणि २०२१ मध्ये हा कायदा उचलून धरला. तोहोकु विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की हेच चालू राहिलं तर २५३१ साली अख्खा जपान सातो असेल. हा हिशेब गाजला तो नेमका १ एप्रिलच्या सुमारास. बाईंना त्याचं फार हसू आलं नाही.

जुना उपाय आहे एक. मुलगा नसेल तर जावयालाच दत्तक घ्यायचं आणि त्यानं सासऱ्याचं आडनाव लावायचं. मोठमोठ्या पेढ्या अशा चालल्या आहेत. बाईंच्या जावयांना कुणी विचारलं नाही.

परदेशी जोडप्यांना तो कायदा लागू नाही, म्हणून आमच्या दारावर लेले आणि अष्टपुत्रे अशा दोन पाट्या सुखानं नांदतात. तेव्हा बाबा, मुद्द्याचं. तुमच्या फॉर्मवर ‘विवाहित कन्या’ या सदरात पतीचं नाव लिहिलं की पुढे ‘इति’ छापलंय. ते ‘इति’ मी खोडलं आहे. तिथे माझं नाव, शिक्षण, नोकरी आणि खाली आमच्या लेकीचं, मुक्ताचं नाव लिहिलंय. जागा अपुरी पडली म्हणून समासात गेले. संपादक मंडळ कुरकुरलं तर त्यांना विचारा, तीन मुलींवर ‘इति’ लावून अष्टपुत्र्यांची पुढची आवृत्ती कुणाच्या जिवावर काढणार आहात?

आईला मेतकूट पाठवायला सांगा. इथे सगळं मिळतं, ते मिळत नाही.

तुमची,
मेधा

ता. क. : ती. बाबांस सा. न. मेधानं दत्तक-जावयाची योजना वाचून दाखवली. अष्टपुत्रे व्हायला माझी हरकत नाही. संख्येची जबाबदारी मात्र घेत नाही. – आपला, रेरे