भोकांचं बांधकाम

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘हे मासे खातात का हो?’ आणि दुसरा, ‘एवढ्याशा टाकीत एवढे दगड कशाला?’ पहिल्या प्रश्नावर मी नुसता हसतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. पण मी अमोनियापर्यंत पोचेस्तोवर पाहुणे चिवड्याकडे वळलेले असतात. इथे चिवडा नाही, तेव्हा सांगून टाकतो.

गोड्या पाण्याच्या टाकीत दगड शोभेचा असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सगळा संसार त्याच्यावर चालतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा. दगडावर वस्ती केलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो तिथे, तिसरी मंडळी नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. दगड जितका सच्छिद्र, तितकी ही वस्ती दाट. जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मत्स्यछंदी मासिकात लिहिलं, की समुद्रातला जिवंत दगड टाकीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीचं निसर्ग बघून घेतो. १९८०च्या दशकात जगभरच्या हौशी लोकांनी हाच मार्ग धरला आणि उष्णकटिबंधातल्या समुद्रांतून दगड खोक्यांत भरून विमानाने फिरू लागला.

आपल्याकडे मात्र हा दगड समुद्रातून उचलता येत नाही, आणि तेच बरं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत मालवणच्या पाण्यातलं प्रवाळ. मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळं आहेत, हे कित्येक मुंबईकरांना कोस्टल रोडमुळे कळलं. २०२० साली त्या कामाच्या आड येणारी वरळीची आणि हाजी अलीची प्रवाळं खडकावरून अलगद सोडवून दुसरीकडे नेऊन बसवली गेली. ज्या शहरात माणसांचं पुनर्वसन पिढ्यान्‌पिढ्या रखडतं, तिथे प्रवाळांना वेळेत पर्यायी जागा मिळाली, याचा आनंदच मानायचा.

उरला परदेशातून येणारा कोरडा दगड. तो किलोवर मिळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्माला आलेल्या माणसाने दगड तोलून विकत घ्यायचा, ही कल्पनाच पचत नाही. बरं, आपला काळा पाषाण टाकीत टाकावा, तर तो पाण्याचं काही बिघडवत नाही, पण आतून बहुधा ठार भरीव. किल्ला बांधायला उत्तम, जिवाणूंना भाड्याने द्यायला निरुपयोगी. तेव्हा दगड घरीच पाडायचा.

कृती सोपी आहे. एक भाग पांढरं सिमेंट, तीन-चार भाग शिंपल्यांचा चुरा आणि दोन भाग जाडं मीठ. शिंपल्यांचा चुरा कोंबडीखाद्याच्या दुकानात पोत्याने मिळतो. अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना तो घालतात. साचा म्हणून मासळीबाजारातलं थर्माकोलचं खोकं घ्यायचं. धुऊन घ्यावं, तरी त्याला बांगड्याचा वास राहतो, आणि या कामात तो खपून जातो. खोक्यात ओलसर वाळू भरायची, तिच्यात हाताने वेडेवाकडे खड्डे उकरायचे, गुहेसाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा घालायचा आणि वरून मिश्रण सोडायचं. हातमोजे मात्र हवेतच, ओलं सिमेंट कातडी खातं. दोन दिवसांनी वाळू झटकली की एक खडबडीत, पांढुरका गोळा हातात येतो. तो पाण्यात टाकला की मिठाचा एकेक खडा विरघळत जातो आणि जिथे खडा होता तिथे भोक उरतं. दगड बोटाने चाचपला की कुठे तीळभर, कुठे वाटाण्याएवढी भोकं लागतात. एखाद्या भोकात तार घातली, तर ती तिसरीकडूनच बाहेर येते.

हा उद्योग गच्चीत चालू असताना आमच्या इमारतीचं बाहेरचं प्लास्टरही चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री विडी ओढायला वर आला आणि माझ्या घमेल्यापाशी थबकला.

‘साहेब, हे मीठ हाय का?’

‘हो, जाडं मीठ.’

‘सिमेंटात?’ त्याने विडी तोंडातून काढली. ‘सळई सडंल की.’

‘सळई घालायचीच नाही.’

‘मग हनीकोंब पडंल.’

काँक्रीट नीट दबलं नाही, की आत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. बांधकामावर त्याला हनीकोंब म्हणतात आणि तो दिसला की इंजिनियर मिस्त्रीवर ओरडतो. मी म्हटलं, ‘मिस्त्री, मला तोच पाडायचाय. आरपार पाणी गळायला पाहिजे.’

आयुष्यभर गळती बुजवण्यात घालवलेला तो माणूस माझ्याकडे काही क्षण नुसता पाहत राहिला. मग विडी विझवून उकिडवा बसला, मिश्रणाची मूठ वळून पाहिली आणि म्हणाला, ‘मग पाणी लई झालंय. कोरडं ठेवा. मूठ वळली पाहिजे, पर बोटातनं पाणी सुटता कामा नये. बारीक चाळू नका, जाडं-बारीक राहू द्या. आन् वतल्यावर ठोकू नका, दाबू नका, हलवू नका. झकास हनीकोंब पडंल.’

जे जे करू नये म्हणून त्याला उमेदवारीत शिव्या बसल्या असतील, ते सगळं त्याने ओळीने मला करायला सांगितलं. त्यात कुठे अडखळला नाही. मी वाचून काढलेल्या माहितीपेक्षा हा सल्ला सरस निघाला. दोष कुठून शिरतो हे पक्कं ठाऊक असलेला कारागीरच तो हवा तिथे, हवा तेवढा पाडू शकतो. आणि दोष हा दोष कुणाच्या लेखी, तेही पाहावं लागतं. मिस्त्रीच्या भिंतीआड माणसं राहतात, त्यांना कोरडं हवं. माझ्या दगडात जे राहणार, त्यांना ओलच हवी.

मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉडही याच पंथाचे. १९५० साली फ्रान्समध्ये हा चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा निघाला, तो लाटेला अडवण्यासाठी. पण त्याची करामत ठोकळ्यात कमी आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटींत जास्त आहे. लाट सरळ भिंतीवर आपटली की भिंत हादरते. फटींतून शिरली की तिच्यातलं बळ आतल्या आत वाटलं जाऊन विरतं. त्याच फटींत खेकडे राहतात आणि अंधार पडल्यावर थोडा आडोसा हवा असलेली जोडपीही त्यांच्याच आश्रयाला बसतात. मुंबईत फट म्हणजे केवढी चैन आहे, हे दोघांनाही कळलेलं असतं.

दगड घडला तरी लगेच टाकीत जात नाही. सिमेंट घट्ट होताना चुना मोकळा होतो आणि ताज्या दगडाभोवतीच्या पाण्याचा पीएच बाराच्या वर चढतो. समुद्राचा असतो आठच्या जरा वर. म्हणून दगड बादलीत बुडवून ठेवायचा, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचा, असे आठवड्यांमागून आठवडे. काढलेलं पाणी आम्ही संडासात ओततो, कारण सोसायटीत पाणी एकच वेळ येतं आणि सेक्रेटरींचं लक्ष दोन्ही वेळ असतं. गंमत अशी, की टाकी नीट चालू लागली की त्यातल्या गोगलगायींना आणि चुनखडी शेवाळाला कॅल्शियम कमी पडतं, आणि मग त्यासाठी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडावी लागते. आधी चुना काढण्यात दोन महिने घालवायचे आणि नंतर तोच मोजून घालायचा. सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला यात काही विचित्र वाटत नाही.

तसा हा सगळा चुना मुळात समुद्राचाच. इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. तो दगड प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला चुनखडक. आपल्या कोकणात शिंपले भाजून चुना करायचे, त्यात जुनी घरं उभी राहिली. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात तर चुन्यासाठी आणि बांधकामासाठी अख्खी प्रवाळंच खणून काढत. समुद्रातल्या जिवांनी कवचं आणि सांगाडे रचायचे आणि आपण ते दळून खोल्या बांधायच्या, हा व्यवहार फार जुना आहे. त्या मानाने माझी एक घमेलंभर परतफेड म्हणजे व्याजाचाही हप्ता नव्हे.

टाकीत दगड रचण्याचे नियम थोडे आहेत. दगड आधी तळाच्या काचेवर बसवायचा आणि वाळू मागाहून टाकायची. नाहीतर वाळू उकरणारे जीव पायाखालची वाळू काढून घेतात आणि इमारत खचते. पिस्तूल कोळंबी तर रात्रंदिवस वाळू उपसते. तिची नजर अधू. म्हणून गोबी नावाचा छोटा मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो आणि कोळंबी काम करताना तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. एकाने खणायचं, दुसऱ्याने बघत उभं राहायचं. रस्त्याच्या खोदकामावर दिसतं तेच, फक्त इथे बघणाऱ्याचाही उपयोग असतो.

दगडावर आधी तपकिरी थर चढतो, मग हिरवं शेवाळ आणि पुष्कळ दिवसांनी चुनखडी शेवाळाचे गुलाबी-जांभळे ठिपके. हे सगळं पार पडल्यावर जोकर माशांची जोडी आणली. त्यांच्यासाठी मी एक देखणी कमान केली होती, खाली गुहा, वर गच्ची. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि थेट थर्मामीटरमागच्या कोपऱ्यात जाऊन मुक्काम ठोकला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, त्यांना वन रूम किचनच हवं होतं.’ कमानीत आता एक गोगलगाय राहते. तिने काही निवडलेलं नाही, ती चालता चालता तिथे पोचली.

घर घेणाऱ्यासाठी रेरा कायद्यात एक चांगलं कलम आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. माझ्या प्रकल्पात हे कलम उलटं लागू होतं. महिन्या-दोन महिन्यांत दगडाच्या भोकांत गाळ साठतो, पाणी आतून खेळेनासं होतं आणि दगड हळूहळू निर्दोष होऊ लागतो. मग मी बाही वर करून, रबरी फुग्याच्या पिचकारीने एकेका भोकात पाणी मारून ते पुन्हा मोकळं करतो. रहिवाशांची तक्रार येण्याआधी दोष पूर्ववत करून देणारा बिल्डर या शहरात माझ्याशिवाय दुसरा नसावा.