तीन किलोंच्या पाहुण्याचं सामान

पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आमच्याकडे घटनेच्याही वरचा नियम. त्यामुळे सातवा सरता सरता मी पुण्याहून सांगलीला आले. "छत्तिसाव्या आठवड्याच्या आत बॅग भरून ठेवा," असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आणि मनावर घेतलं ते दोन्ही घरांनी.

नवऱ्याने पुण्यात बसून एक्सेल शीट केली. आई, बाळ आणि सोबतचा माणूस असे तीन रकाने. तिसरा सगळ्यांत लांब. त्यात पॉवर बँक, मानेची उशी, कानात घालायचे बोळे, डासांचं मलम. "मला रात्रभर जागावं लागेल ना," तो म्हणाला. मी गप्प बसले. त्याचीही पहिलीच वेळ होती.

आईचा एक्सेलवर विश्वास नाही. तिने माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली आणि आजीचं सुती लुगडं बाहेर काढलं. त्याची दुपटी झाली, लंगोट झाले. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताला येतो तो मऊपणा पैसे मोजून मिळत नाही, हे तिचं म्हणणं मला मान्यच आहे. पण सगळं गरम पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवून तिने इस्त्रीसुद्धा केली. लंगोटाला इस्त्री! ज्याचं भवितव्य इतकं उघड आहे, त्याची एवढी बडदास्त मी तरी पाहिली नव्हती.

बाळ यायच्या आधी नवे कपडे घ्यायचे नाहीत, हाही नियम. नवऱ्याने ऑनलाइन झबली मागवलीच. ते पार्सल आईने शेजारच्या काकूंकडे ठेवलं. घरात आली नाहीत, म्हणजे घेतली नाहीत! सगळी पिवळी. मुलगा की मुलगी हे सांगायला 1994 च्या कायद्याने बंदी, तेव्हा आपल्याकडे सावध माणूस पिवळ्यावरच थांबतो.

बाबा बँकेतून निवृत्त. त्यांनी कागदपत्रांचं खातं घेतलं. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार, मेडिक्लेमचं कार्ड, प्रत्येकाच्या झेरॉक्स, शिवाय आम्हा दोघांचे पासपोर्ट फोटो. "आणि बाळाचे?" मी गमतीने विचारलं. त्यांनी चष्मा काढून खरोखर विचार केला. "जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. फोटो लागत नसावा. विचारून ठेवतो."

सासूबाईंनी पुण्याहून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, कान बांधायला स्कार्फ आणि मधाची बाटली पाठवली. आईने लगेच फोन लावला. "विहीणबाई, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय." सल्ला अगदी बरोबर होता. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. पण याच आईने डॉक्टरांनी सांगितलेला पंखा "बाळंतिणीला वारा बाधतो" म्हणून आधीच रद्द केला होता.

बॅगेची चेन लागेना. मग दुसरी बॅग निघाली, मग साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. येणारा पाहुणा जेमतेम तीन किलोंचा.

तारखेचा हिशेब 280 दिवसांचा असतो, पण नेमकी ती तारीख गाठणारी बाळं विसात एखादंच. आमचं आधीच निघालं, तेही मध्यरात्री. सिस्टरने आमच्या सामानाकडे एकदा पाहिलं आणि पायाने ते खाटेखाली सरकवलं.

पुढचं मला नंतर कळलं. पहाटे दार किलकिलं करून सिस्टर म्हणाली, "बाळाचं टोपडं आणि दुपटं द्या, लवकर." नवऱ्याने मोबाइलवर शीट उघडली. "बॅग दोन, उजवा कप्पा." पण आदल्या दुपारी आईने सगळ्या बॅगा नव्याने लावल्या होत्या. उजव्या कप्प्यात थर्मास निघाला. मग बाकावर एकेक वस्तू येऊ लागली: लाडवांचा डबा, मानेची उशी, माझ्या लग्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स. दुपटं सापडलं. टोपडं नाही.

समोरच्या बाकावर एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. सामान म्हणजे मांडीवरची एक पिशवी. त्यांनी न बोलता तीत हात घातला आणि पहिल्याच झटक्यात टोपडं काढून दिलं. "घ्या. माझ्याकडं दुसरं हाय."

आमच्या लेकीने जगात आल्यावर डोक्याला बांधलं ते हे टोपडं. आई इतकी ओशाळली, की लाडवांचा अख्खा डबा तिने आजींच्या हातात ठेवला. त्यानंतर बॅगेची चेन म्हणे एका दमात लागली.